भावकीची भांडी

भाग्यश्रीच्या डोक्यात आवराआवरीचं वारं शिरलं ते दिवाळी झाल्यावर. घर दिवाळीच्या आधी आवरायचं असतं हे तिलाही ठाऊक होतं, पण ही आवराआवर वेगळी. दिवाळीच्या साफसफाईत धूळ जाते आणि वस्तू राहतात. हिच्यात वस्तूच जायच्या होत्या. मोबाइलवर कुणा बाईचे व्हिडिओ बघून तिची खात्री पटली होती, की माणसाला लागतं फार थोडं, बाकीचं आपण दुकानदारावर उपकार म्हणून घरी आणतो. एका शनिवारी तिने बैठकीच्या खोलीत तीन पोती मांडली. एक ठेवायचं, एक द्यायचं, एक टाकायचं. वर्षभरात जिला हात लागला नाही ती वस्तू आपली नाही, असा नियम तिने नवऱ्याला ऐकवला, तेव्हा योगेशने आधी काय केलं असेल, तर आपली व्यायामाची सायकल गुपचूप गॅलरीत ढकलून तिच्यावर चादर टाकली.

सासूबाईंचं कपाट तिने शेवटासाठी ठेवलं होतं. जुनी माणसं चिंधीसुद्धा सोडत नाहीत, उगाच रडारड नको, हा त्यामागचा विचार. पण यमुनाबाईंचं कपाट चहा निवायच्या आत आवरून झालं. त्यांनी स्वतःच चांगली चार लुगडी काढून द्यायच्या पोत्यात घातली, एक शाल घातली, कुणीतरी दिलेली पर्स घातली आणि विचारलं, "आनि काय?" भाग्यश्रीचं स्वतःचं कपाट मात्र चार दिवस पुरलं. पुढच्या आठवड्यात उरलेलं थोडकं सामान नीट लावायला बांबूच्या टोपल्या आणि काचेच्या बरण्यांची तीन खोकी कुरिअरने आली. हिंमतराव, म्हणजे तिचे सासरे, खोक्यांकडे बघत म्हणाले, "सामान कमी करायला बी सामान लागतं तर."

टिंगल करणं सोपं असतं. पण पोरगी हे मनापासून करत होती. गॅलरीत खतासाठी ओला कचरा मुरत घातलेला, भाजीला कापडी पिशवी, दुकानातून प्लॅस्टिक घरात येईना. सोसायटीच्या कमिटीतही तिने भांडून सुक्या कचऱ्यासाठी वेगळी जागा मंजूर करून घेतली होती. ती जागा नेमकी कोणती, हे मंजूर करताना कुणी नीट पाहिलं नव्हतं. पार्किंगमधली, जिन्याखालची, कायम कुलूप असलेली खोली, एवढंच कागदावर होतं.

त्या कुलपाची किल्ली यमुनाबाईंच्या कमरेला होती.

ही सगळी इमारत उभी आहे ती हिंमतरावांच्याच शेतावर. जमीन देताना हिंमतरावांनी बिल्डरकडून फ्लॅट मोजून घेतले. यमुनाबाईंनी आपल्यासाठी काही मागितलं नाही, फक्त एक खोली मागितली, जमिनीलगतची, कुलूप लागेल अशी. बिल्डरला वाटलं, म्हातारीला देवघर करायचं असेल.

सुनेने विचारल्यावर त्यांनी ती उघडून दाखवली. आत तांब्याचे हंडे एकात एक बसवलेले, पितळी पातेली, पराती, हातभर लांब झारे, लाकडी काठवट, आणि भिंतीला टेकून ठेवलेल्या ताटांच्या चळती. कोपऱ्यात एक पातेलं असं, की त्यात लहान पोर बसलं तर दिसणार नाही. भाग्यश्री दारातच थांबली. असल्या खजिन्याची तिला लग्नाला बारा वर्षं होऊनही खबर नव्हती.

"आई, हे सगळं आपलं?"

"न्हाई गं. ह्यातलं एक बी आपलं न्हाई. भावकीचं हाय. आपन राखतो."

आता आली पंचाईत. तीन पोत्यांमध्ये दुसऱ्याच्या वस्तूचं पोतं नव्हतं.

म्हसोबावाडी आज बसच्या पाटीवर तेवढी उरली आहे, वारज्याच्या पुढे, खडकवासल्याच्या वाटेवर. पण वाडी होती तेव्हा तिच्यात एका भावकीची सात घरं होती आणि सात घरांत मिळून मोठी भांडी एकदाच घेतलेली. कुणाच्या घरी स्वतःचा हंडा नव्हता की मोठी कढई नव्हती. लग्न काय रोज असतं? ज्याच्या घरी कार्य त्याने भांडी न्यावीत, कार्य उरकलं की चिंच लावून घासून परत आणावीत, आणि ज्याचं त्या साली बरं पिकलं असेल त्याने एखादं नवं भांडं भर म्हणून घालावं. राखण हिंमतरावांच्या घराकडे. त्या मोठ्या पातेल्याला तर नावच होतं, म्हैस. म्हैस कुणाच्या अंगणात गेली म्हणजे तिथे दोनशे पान उठणार, हे गावाला वेगळं सांगावं लागत नसे.

भांडी मागायची एक रीत होती. निरोप पाठवायचा नाही, पोराला धाडायचं नाही. घरच्या बाईने सकाळी दिवाबत्ती झाल्यावर स्वतःच्या पायांनी यायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, सुपारी द्यायची आणि तोंडाने मागायचं. आणि मागायला आलेल्या बाईला नाही म्हणायचं नाही. यमुनाबाईंच्या सासूबाई, गोदाबाई, यात फार कडक होत्या. बांधावरून ज्यांच्याशी कोर्टात दावा चालू होता, त्यांची बाई मान खाली घालून दारात आली, तेव्हा गोदाबाईंनी तिला सगळ्यात चांगला हंडा काढून दिला आणि वर विचारलं, पोरगी कुठं दिली. दावा पुढेही वर्षानुवर्षं चालला. भांडीही जात-येत राहिली.

गोदाबाईंनंतर किल्ली यमुनाबाईंकडे आली आणि त्यांना या कामाची गोडी लागली. गावात लग्न ठरलं की पहिली खबर देवाला आणि दुसरी यमुनाबाईंना. पत्रिका छापायच्या आधी त्यांना ठाऊक. मागायला आलेली बाई दोन शब्द जास्तीचे बोलून जायची, स्थळ कसं आहे, पोरगी रात्री रडते का, घरात कुणाचं मन नाही. भांड्यांबरोबर माणसांची मनंही त्यांच्या दारात येऊन जायची. आता भावकीतल्या लग्नाची बातमी त्यांना मोबाइलवर कळते, तीही लग्न झाल्यावर, फोटोंतून. शेवटचं कुणी दारात येऊन उभं राहिलं त्याला एक तप उलटून गेलं होतं. त्यांना घराची, शेताची, म्हशींची आठवण येत नसे असं नाही; पण त्याहून जास्त, सकाळी दिवा लावून उंबऱ्याकडे पाहिलं की तिथे उभ्या राहणाऱ्या बाईची आठवण येई. ही आठवण कुणाला सांगण्यासारखी नव्हती. कुणीतरी आपल्याकडे काहीतरी मागावं, असं वाटतंय, हे सांगायचं तरी कसं?

योगेशने प्रश्न दहा मिनिटांत निकालात काढला. भावकीच्या ग्रुपवर त्याने लिहिलं, की पूर्वजांची भांडी पडून आहेत, ज्याला हवी त्याने न्यावीत, नाहीतर पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी रविवार पेठेतला व्यापारी सगळं मोडीत नेईल आणि पैसे म्हसोबाच्या देवळाला जातील. अंगठे आले, जोडलेले हात आले. एकाने लिहिलं, जुन्या आठवणी ताज्या झाल्या. आणखी एकाने विचारलं, म्हैस उलटी ठेवून वर काच बसवली तर सेंटर टेबल होईल का. बाकीच्या सहा घरांपैकी कुणालाच भांडी नको होती.

यमुनाबाई एवढंच म्हणाल्या, की मग आधी कल्हई करून घेऊ.

योगेश हसला. मोडीत जाणाऱ्या भांड्याला कल्हई म्हणजे भंगारात निघालेल्या गाडीला नवे टायर, असं काहीसं तो बोलला.

"रविवारला अजून येळ हाय," त्या म्हणाल्या. "मधी मागायला कुनी आलं तर? बिनकल्हईचं पातेलं कसं देऊ? आमटी कळकंल."

भाग्यश्री तेव्हा ओट्यापाशी बरण्यांवर नावं चिकटवत होती. दुसऱ्या दिवशी तिने तांबट आळीत फोन करकरून एक कल्हईवाला शोधला आणि तो भाता, शेगडी घेऊन पार्किंगमध्ये येऊन बसला. नवसागराचा धूर वर चढला तसे सेक्रेटरी तक्रार करायला खाली आले. पातेल्यात फिरलेल्या कापडामागून चांदीसारखी लकाकी उमटताना बघून ते तिथेच अर्धा तास उभे राहिले आणि तक्रार करायचं विसरून गेले.

मग यमुनाबाई वाट बघायला लागल्या. सकाळी अंघोळ, दिवा, आणि दार थोडं उघडं. बेल वाजायची. दूधवाला असे, इस्त्रीचे कपडे असत, गॅसचं मीटर बघायला आलेला माणूस असे. प्रत्येक बेलला त्या उठत आणि परत येऊन बसत.

"अगं, कुनाची वाट बघतीस?" हिंमतराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. "आता पोरगी दाखवायच्या आधी हॉल बुक करत्यात."

हे यमुनाबाईंना माहीत नव्हतं थोडंच. पण माहीत असणं आणि वाट न बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कल्हई केलेली भांडी खाली अंधारात लखलखत पडली होती आणि रविवार जवळ येत होता.

भावकीत मोबाइलच्या ग्रुपवर नसलेलं एकच माणूस होतं, आनंदीबाई. भावकीतली थोरली जाऊ, कोथरूडला मुलाकडे राहणारी. तिला विचारल्याशिवाय भांड्यांना हात लावायचा नाही, असं यमुनाबाईंनी घरात सांगितलं. भाग्यश्रीने त्यांना स्कूटरवर मागे बसवून कोथरूडला नेलं, जिन्याच्या पायरीपर्यंत सोडलं आणि रिकामा डबा घेऊन ती जवळच्या घाण्यावर तेल भरून आणायला गेली.

तीन मजले, लिफ्ट नाही. यमुनाबाई दोनदा बसल्या. वर आनंदीबाई खिडकीपाशी खुर्चीत होत्या, गुडघ्यांवर शाल टाकून. गुडघे गेल्यापासून त्या खाली उतरल्याच नव्हत्या. चहा झाला, सुनांची चौकशी झाली, दोघींनी आपापल्या सुना बऱ्या आहेत असं मान्य केलं. मग यमुनाबाईंनी रविवारचं सांगितलं.

आनंदीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "कल्हई केलीस म्हनं?"

"केली."

"कुनी आलं का?"

"न्हाई, आक्का."

"येनार न्हाईत." त्यांनी शाल सारखी केली. "तुझ्या योगेशचं लगीन लॉनवर झालं ना, तवाच बंद झालं ते."

यमुनाबाईंना आधी काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, की तेव्हा सगळेच लॉनवर करू लागले होते, मुलीकडच्यांचाही आग्रह होता, आचारी मिळत नव्हते. हे सगळं खरं होतं. पण त्याखालचं खरं निराळं होतं आणि ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. गावातल्या प्रत्येक लग्नात त्या चुलीच्या अंगाला होत्या. भांडी काढून दे, झारे मोजून घे, कोण कुठलं पातेलं कुठं टाकून गेलं ते बघ. स्वतःच्या मुलाच्या लग्नात त्यांना एकदा पुढच्या खुर्चीवर बसायचं होतं, भारी लुगडं नेसून, गजरा घालून, हाताला राख न लागता. तो कॅटरर त्यांनीच हौसेने पसंत केला होता. त्या दिवशी त्या फार सुखी होत्या.

"पत्रिका निघायच्या आधी तू येशील म्हनून मी बसले होते," आनंदीबाई सांगत होत्या. "राखनारनीला सुदीक मागावं लागतं. थोरल्या घरी. गोदाआत्याबाई यायच्या माझ्या सासूकडं, एवढ्या मानाच्या बाई, पर उंबऱ्याभाईर उभ्या ऱ्हायच्या. मी तुझ्यासाठी ओटी काढून ठेवली होती, खन, नारळ. तू आलीस. पत्रिका घेऊन आलीस."

यमुनाबाईंना ती सकाळ आठवली. लाल मखमली पत्रिका, आतून सोनेरी. त्यांनी ती किती दिमाखात पुढे केली होती.

"मंग चार म्हयन्यांनी माझ्या पोरीचं निघालं. मला वाटायचं, जावं, मागावी. दोनदा चपला घातल्या. पर ज्यानं भांडी राखायची त्यानंच न्हाई काढली, तर मी कुठल्या तोंडानं मागू? लोक म्हनले असते, हिला क्याटरर झेपंना म्हनून पातेली मागत फिरती. झेपत नव्हताच. तरी घेतला आमी. मंग खालच्या आळीनं घेतला. मंग सगळ्यांनीच."

"मी तुझी वाट बघत होते, आक्का. एवढी वर्सं. म्हनलं, ह्यास्नी आता कुनाची गरज उरली न्हाई."

"आनि मी तुझी."

खिडकीखालून एक बस गेली आणि काचा थरथरल्या. यमुनाबाईंना रडू आलं नाही. त्यांना स्वतःचा राग आला, आणि राग पुरता यायच्या आधीच त्या सजलेल्या, खुर्चीत बसलेल्या बाईची कीव आली. एका दिवसाची हौस, ती काय एवढी महाग पडायची? पण पडली होती. ज्या दाराकडे त्या एक तप बघत बसल्या, ते त्यांनीच आपल्या हाताने लोटून घेतलं होतं.

त्या उठल्या. आनंदीबाईंचा पानाचा डबा कोनाड्यात होता, त्यातली एक सुपारी घेतली आणि खोलीच्या दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

"आक्का, भांडी मागायला आलेय."

"माझीच सुपारी मला?" आनंदीबाई म्हणाल्या. "कशाला पायजेत?"

"एकदा सात घरांना जेवन घालू. सगळ्यांना बोलवू. मंग गेली तर जाऊ देत."

आनंदीबाईंनी हात पुढे केला आणि सुपारी घेतली. "देते. पर यमुने, चूल कुठं मांडशील?"

मग दोघी बसून जागा शोधू लागल्या. देवळापुढचं पटांगण? तिथे आता फरशी बसवून गाड्या लावतात. यमुनाबाईंचं खळं? त्यावर दुसरी विंग उभी आहे. ओढ्याकाठी? ओढा नळात घातला. पार्किंगमध्ये कल्हईवाल्याची मूठभर शेगडी चालून गेली, पण म्हशीखाली लाकडं पेटवायची तर अग्निशमनवाले येतील. गच्चीवर सोलरची पॅनेलं. आनंदीबाईंचं परडं, विहिरीजवळचा माळ, आंब्याखालची जागा, एकेक नाव निघत होतं आणि त्यावर काय उभं आहे तेही लगेच निघत होतं. सात घरांची शेकडो एकर जमीन त्यांनी अशी तोंडाने फिरून पाहिली.

"तीन दगडं ठेवायला जागा न्हाई गं आपल्याकडं," शेवटी आनंदीबाई म्हणाल्या. "भांडी अडगळ झाली न्हाईत. आपली भुईच गेली."

यमुनाबाईंच्या घरात सगळे म्हणत होते, की भांडी गेली म्हणजे जागा होईल. ती कचऱ्याच्या डब्यांपुरती होईल. ज्या जागेसाठी त्यांचा जीव तुटत होता, ती कितीही आवरलं तरी निघणार नव्हती.

मग आनंदीबाईंनी आपल्या माहेराचा विषय काढला. धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात त्यांचं माहेर. तिथे अजून खळी आहेत, देवळापुढे माळ आहे. पौषात जत्रा असते, अख्खं गाव एका पंगतीला बसतं. पण भांडी मांडववाल्याकडून येतात, जर्मनची, पोचे आलेली, आणि ताटं असली वापरून फेकायची, चकचकीत. मागच्या जत्रेनंतर ती ताटं ओढ्याला लागली होती, असं भाचा सांगत होता. ओढा पुढे धरणात जातो.

"तेच पानी नळाला येतं तुमच्या," आनंदीबाई म्हणाल्या. "तिकडं दे. मोडीत नको घालूस."

यमुनाबाईंनी विचार केला. मन नाही म्हणत होतं आणि दुसरं काही सुचतही नव्हतं. "देते," त्या म्हणाल्या. "पर मागायला यावं लागंल. पायांनी."

रविवारच्या आदल्या दिवशी सकाळी खालून फोन आला. वॉचमन वैतागला होता. कुणी ऋतुजा म्हणून आल्यात, टेम्पो घेऊन, काम विचारलं तर मागायला आलेय म्हणतात, काय मागायचंय ते फक्त वरच सांगीन म्हणतात. भाग्यश्रीने तिला सोडायला सांगितलं आणि सासूबाईंना हाक मारली. हाक मारायची गरज नव्हती. त्या पहाटेपासून दारातच होत्या. उंबऱ्याला उंबरा म्हणावं असं काही तिथे नव्हतं, संगमरवराची बोटभर पट्टी तेवढी. तिच्यावर त्यांनी हळद-कुंकू वाहिलं होतं.

लिफ्टमधून एक पंचविशीची मुलगी बाहेर आली. आनंदीबाईंच्या भाच्याची सून. टेम्पोतल्या प्रवासाने साडीच्या निऱ्या विस्कटलेल्या, कपाळावर घाम. भाग्यश्री तिला आत या म्हणाली तशी ती एक पाऊल मागे सरली. तिला कुणीतरी नीट शिकवून पाठवलं होतं. पदर सारखा करून तिने मूठ उघडली. मुठीत सुपारी होती.

"आजी, आमच्या गावची जत्रा हाय," ती म्हणाली आणि अडखळली. मग एका दमात बोलून गेली. "भांडी मागायला आलेय."

एक तप ज्या वाक्यासाठी कान लावून काढलं, ते आलं आणि संपलंसुद्धा. यमुनाबाईंना वाटलं, तिला परत एकदा म्हणायला सांगावं. त्यांनी सुपारी घेतली. मान हलवून त्या जिन्याकडे वळल्या, लिफ्ट विसरून.

खाली त्यांनी कुलूप काढलं. योगेश, ऋतुजाचा नवरा आणि टेम्पोवाला यांनी हंडे, पराती, ताटं चढवली. म्हशीला वॉचमन धरून चौघं लागले. यमुनाबाई प्रत्येक भांड्याला जाताना हात लावत होत्या आणि ऋतुजाला सांगत होत्या, हिच्यात भात करपतो, आच कमी ठेव. ह्या झाऱ्याचा दांडा हलतो, नव्या पोराच्या हातात देऊ नको. वर्षाआड कल्हई, विसरू नको. कुनी मागायला आलं तर न्हाई म्हनू नको, भांडणातलं असलं तरी. मुलगी मान डोलवत होती. तिला गोडी वाटत होती की भीती, सांगणं कठीण होतं. भाग्यश्री भिंतीला टेकून उभी होती. एवढ्या दिवसांत तिने या घरातून पोत्यांनी सामान बाहेर काढलं होतं, पण जाणाऱ्या वस्तूची कुणी अशी पाठवणी करताना तिने पाहिलं नव्हतं.

खोली रिकामी झाली. मोठी दिसू लागली. टेम्पोचं फळकूट लावून झालं, दोर आवळला. ऋतुजा चढायला गेली आणि पुन्हा उतरून यमुनाबाईंपाशी आली.

"आजी, एक ऱ्हायलंच. परत कधी आनू? जत्रा झाली की लगेच आनली तर चालतील?"

आनंदीबाईंनी तिला मागायचं कसं ते शिकवलं होतं. भांडी कायमची द्यायची आहेत, हे सांगितलं नव्हतं. विसरल्या असतील, किंवा नसतील. योगेश "अहो, परत कशाला" असं म्हणायला तोंड उघडत होता. सोमवारी इथे कचऱ्याचे डबे यायचे होते. भाग्यश्रीने त्याचा दंड धरला, आणि त्याचं तोंड तसंच मिटलं.

यमुनाबाई त्या मुलीकडे बघत राहिल्या. दिलं की संपलं, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. रात्रभर तीच केली होती. आणि ही पोरगी विचारत होती, पुन्हा कधी येऊ.

"घाई न्हाई," त्या म्हणाल्या. "तुझं काम होऊ दे. पर आनायला तूच ये."

ऋतुजा हो म्हणाली आणि टेम्पोत चढली.